पोकळीला आकार देणारी

आपल्याकडे कुणी नामवंत गेले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास सापडते. अमुक यांच्या निधनाने तमुक क्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. माझे वडील काही नामवंत नव्हते. तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते. पण ते गेल्यावर गावच्या वाचनालयात शोकसभा झाली आणि बोलायला उठलेल्या चौघांपैकी तिघांनी ही पोकळी आणलीच. मागच्या रांगेत आईजवळ बसून मी ऐकत होते. शब्द चुकीचा नव्हता, पण नुसताच कानावरून जात होता. घरी दादांची आरामखुर्ची होती. तिच्या कापडाला त्यांच्या पाठीचा खोलगट आकार आला होता. त्या खुर्चीत कितीतरी महिने कुणी बसले नाही. मला वाटायचे, पोकळी म्हणायची तर ही. हिला आकार आहे, आणि तो फक्त दादांचा आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला सेंट आइव्ज नावाच्या समुद्रकाठच्या गावात एका शिल्पासमोर मी उभी राहिले आणि ती खुर्ची मला आठवली. एल्मच्या लाकडाचा गोलसर आकार, आतून कोरून रिकामा केलेला. बाहेरचे लाकूड गुळगुळीत, तपकिरी. आतली बाजू फिकट निळसर रंगवलेली. आणि पोकळीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणून बांधलेल्या दोऱ्या. नाव 'पेलागोस', म्हणजे ग्रीक भाषेत समुद्र. साल १९४६. करणारी बार्बरा हेपवर्थ.

एवढ्या मोठ्या बाईला खरे तर एकेरी म्हणू नये. विसाव्या शतकातल्या शिल्पकलेचा इतिहास तिच्यावाचून लिहिता येत नाही. पण त्या दिवसापासून तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले आणि आता ती मला घरच्यासारखी झाली आहे. तेव्हा वाचकांनी हा एकेरीपणा चालवून घ्यावा.

तिच्या आयुष्याकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट सांगते. सराफाकडे बांगडी घेताना आपण सोन्याचे वजन करतो, पण माप विचारतो ते सव्वादोन की अडीच, म्हणजे मधल्या पोकळीचे. सोने कितीही चोख असो, ती मोकळी जागा नेमकी नसेल तर बांगडी हातात जाणार नाही. माठाचेही तेच. दिसते ती माती, पाणी राहते ते मातीच्या आतल्या रिकामपणात. कलाशाळांमध्ये याला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्पेस म्हणतात. आपण भरीव अवकाश आणि रिता अवकाश म्हणू. शिल्प म्हणजे भरीव वस्तू, आणि तिच्या भोवती असेल ती नुसती हवा, असे युरोपात शतकानुशतके मानले गेले. ही हवासुद्धा शिल्पाचाच भाग आहे, तिलाही घडवता येते, हे ज्या थोड्यांनी दाखवून दिले, त्यांत बार्बरा पहिल्या रांगेत आहे.

तिचा जन्म १० जानेवारी १९०३ रोजी यॉर्कशरमधल्या वेकफिल्ड या गावी झाला. चार भावंडांत ती थोरली. वडील सरकारी इंजिनियर. रस्ते आणि पूल पाहणे हे त्यांचे काम. ते लेकीला मोटारीत घालून डोंगराळ भागात फिरायला नेत. खिडकीबाहेर टेकड्यांचे उतार वरखाली होत, रस्ता त्यांना वळसे घालत जाई, आणि छोट्या बार्बराला तो सगळा मुलूख हाताने चाचपून पाहावा अशा एखाद्या मोठ्या शिल्पासारखा वाटे. सात वर्षांची असताना शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी प्राचीन इजिप्तमधल्या शिल्पांची चित्रे दाखवली. त्या दिवसापासून काय करायचे हे तिच्या मनात पक्के झाले.

१९२० साली शिष्यवृत्ती मिळवून ती लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाली. तिथे तिला हेन्री मूर भेटला. तोही यॉर्कशरचाच, खाणकामगाराचा मुलगा. पुढच्याच वर्षी दोघे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. ही मैत्री जन्मभर टिकली आणि तिची सावलीही जन्मभर राहिली. मूरचे नाव आधी घ्यायचे आणि बार्बराचे मागाहून, ही सवय समीक्षकांना लागली ती लवकर सुटली नाही.

१९२४ साली ती इटलीला गेली. रोमच्या मोठ्या पारितोषिकात ती दुसरी आली होती. पहिला आलेला जॉन स्कीपिंग तिथेच होता. १९२५ साली फ्लॉरेन्समध्ये दोघांनी लग्न केले. इटलीत तिने एक महत्त्वाची गोष्ट कमावली. त्या काळी बहुतेक शिल्पकार मातीत नमुना करून देत आणि दगडात तो उतरवण्याचे काम कारागीर करीत. बार्बरा मात्र अर्दिनी नावाच्या कसलेल्या कारागिराकडे स्वतः संगमरवर कोरायला शिकली. वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली एकच दगड वेगवेगळा रंग दाखवतो, हे त्याच्याकडून ऐकलेले तिने आयुष्यभर जपले. छिन्नी आणि हातोडी तिच्या हातून शेवटपर्यंत सुटली नाहीत.

लंडनला परतल्यावर १९२९ मध्ये मुलगा झाला, पॉल. संसार मात्र टिकला नाही. १९३१ च्या सुमारास चित्रकार बेन निकल्सन तिच्या आयुष्यात आला आणि दोघांची कामे एकमेकांच्या संगतीने बदलू लागली. माणसे, पक्षी, मायलेकरे हे ओळखीचे आकार मागे पडत चालले. अशातच १९३२ साली तिने गुलाबी अलाबास्टरच्या एका लहानशा शिल्पाला आरपार भोक पाडले.

ऐकायला यात काही विशेष वाटत नाही. पण कल्पना करून पाहा. दगड हा शिल्पकाराचा धर्म. तो राखायचा, त्याच्या पृष्ठभागातून आकार काढायचा, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण. त्याच्या ऐन मध्यभागी छिन्नी चालवून पलीकडे निघायचे, म्हणजे दगड वाया घालवण्याची भीती. ती ओलांडली की काय होते? दगडाची पुढची आणि मागची बाजू एकमेकींना भेटतात. उजेड आत शिरतो. पलीकडचे झाड, खिडकी, येणारे-जाणारे माणूस शिल्पात येऊन बसते. पाहणाऱ्याला एका जागी उभे राहून भागत नाही. फिरावे लागते, वाकावे लागते. दगड तेवढाच असतो, पण त्याचे जडपण उतरलेले असते.

असे करणारी ती जगातली पहिली नव्हे. आर्किपेंको नावाच्या शिल्पकाराने १९१२ च्या सुमारासच मनुष्याकृतीत पोकळ्या ठेवल्या होत्या. मूरनेही पाठोपाठ भोके पाडली, आणि पुढे जगाने ती मूरच्याच नावावर मांडली. पण हा हिशेब मला दुय्यम वाटतो. महत्त्वाचे हे, की दगड भेदताना आपल्याला विलक्षण आनंद झाला, असे बार्बराने पुढे नोंदवून ठेवले आहे. तो आनंद काही मोडण्याचा नव्हता. दगडाआड काहीतरी अडकून होते आणि ते मोकळे झाले, असा होता. म्हणजे तिची पहिली पोकळी कुणाच्या जाण्याने झालेली नाही. ती तिने आपण होऊन, हौसेने केली. ते शिल्प दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. आता उरले आहे ते छायाचित्रांत.

ऑक्टोबर १९३४ मध्ये तिला बाळंतपणात एकदम तिळे झाले. तळघरातली जागा, बेताचे पैसे आणि तयारी एकाच बाळाची. सायमन, रेचेल आणि सेरा अशी तिघांची नावे. बाळे इतकी नाजूक होती, की काही काळ त्यांना जवळच्या एका बालसंगोपन संस्थेत ठेवावे लागले. यावरून तिला नावे ठेवणारे तेव्हाही होते आणि नंतरही. चित्रकार बापाविषयी असा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढच्याच महिन्यात ती पुन्हा दगडासमोर उभी राहिली. त्यानंतरचे 'थ्री फॉर्म्स' हे १९३५ चे शिल्प म्हणजे पांढऱ्या संगमरवराच्या पाटावर ठेवलेले तीन आकार. एक गोल, दोन लांबट. त्यांना नाक नाही, डोळे नाहीत. पण तिघांमधली अंतरे पाहावीत. कोण कुणाच्या किती जवळ, कोण थोडे बाजूला. तीन तान्ही रांगेत निजवलेल्या आईला ही अंतरे कळायला व्याख्यान लागत नाही. इथे भोक नाही, तरी पोकळी आहे. ती वस्तूच्या आत नसून दोन वस्तूंच्या मध्ये आहे.

१९३८ साली बार्बरा आणि बेन यांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, युद्ध तोंडाशी आलेले असताना, जवळजवळ पाच वर्षांच्या तिघांना घेऊन दोघे कॉर्नवॉलला एका मित्राच्या घरी गेली. चार दिवसांसाठी गेलेली बार्बरा तिथून पुन्हा लंडनला राहायला आली नाही. युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत तिला शिल्पे करणे जवळजवळ अशक्य झाले. दिवसा लहान मुलांची छोटी शाळा चालवायची, भाजीपाला पिकवायचा, स्वयंपाक करायचा. रात्री सगळी निजली की चित्रे काढायची, प्लास्टरची छोटी शिल्पे करायची. दगड-लाकूड मिळण्याची पंचाईत होती, मोठी जागा नव्हती. घराघरांतल्या कितीतरी बायकांना हा दिनक्रम ओळखीचा वाटेल. रात्री दहानंतर आपले असे जे काय उरते, ते.

आणि याच टंचाईतून तिचे खरे नवे काम निघाले. तिने पोकळीच्या आत रंग लावला आणि तिच्यात दोऱ्या ताणल्या. दोऱ्या मूरनेही वापरल्या होत्या. तिथेच शेजारी येऊन राहिलेला रशियन शिल्पकार नॉम गाबो पारदर्शक प्लास्टिकवर तसेच तंतू ताणत होता. पण लाकूड, रंग आणि दोरी या तिन्हींना बार्बराने जे काम वाटून दिले, ते तिचे स्वतःचे.

हे कसे होते ते 'पेलागोस'समोर उभे राहिल्यावर समजते. बाहेरच्या लाकडात रेषा आहेत, ऊब आहे. हात फिरवावासा वाटतो. आतला रंग सपाट, थंड. त्यामुळे पोकळी म्हणजे लाकडातला खड्डा वाटत नाही, ती वेगळ्याच धातूची एक वस्तू वाटते, उजेडाने भरलेली. रंगाने खोलीही वाढते. गुहेत डोकावल्यासारखे वाटते. मग दोऱ्या. आपण एक पाऊल सरकलो, की त्या एकमेकींना छेदून नवी जाळी विणतात. जिथे काही नाही तिथे डोळ्यांना एक पडदा दिसू लागतो आणि रिकाम्या जागेला ताण येतो, तंबोऱ्याच्या तारांना असतो तसा. कार्बिस बे इथल्या तिच्या घरातून दोन्हीकडून जमिनीचे हात पुढे आलेला उपसागर दिसे. तिथे उभी असताना समुद्र, वारा, टेकड्या आणि आपण यांच्यामध्ये जो ताण जाणवतो, तोच या दोऱ्यांत आहे, अशी तिची धारणा होती. लंडनहून येणारी आगगाडी सेंट अर्थला सोडून लहान गाडीत बसले, की शेवटची काही मिनिटे रूळ समुद्राच्या कडेने जातात. तेव्हा खिडकीतून तो उपसागर मीही पाहिला. शिल्प पाहून परतताना पुन्हा पाहिला, तेव्हा त्याचा आकार मला आधीपेक्षा जास्त दिसला.

दुःखाने तिला सोडले नाही. १९४४ साली लेक सेरा हिला हाडाचा गंभीर आजार झाला. तिच्यावर उपचार करणाऱ्या शल्यविशारदाशी ओळख वाढली आणि पुढे त्याने बार्बराला शस्त्रक्रिया पाहायला बोलावले. १९४७ ते १९४९ या काळात तिने शस्त्रक्रियागृहातली सुमारे ऐंशी चित्रे केली. मुखपट्ट्यांवरचे डोळे, आणि एकाच कामावर एकवटलेले पुष्कळ हात. १९४९ मध्ये तिने सेंट आइव्ज गावात ट्रेविन हा स्टुडिओ घेतला. १९५१ मध्ये बेनशी काडीमोड झाल्यावर ती तिथे एकटी राहू लागली. आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये थोरला पॉल गेला. ब्रिटिश हवाईदलात होता. थायलंडवर उडताना विमान कोसळले. वय अवघे तेवीस.

त्याच्या स्मरणार्थ तिने गावच्या चर्चसाठी १९५४ साली एक शिल्प केले. ते अमूर्त नाही. आई आणि तिच्या कवेत बाळ, पांढऱ्या दगडात. वीस वर्षे ज्या वाटेवरून ती चालली, ती सोडून त्या एका वेळी ती जुन्या, सगळ्यांना कळणाऱ्या आकाराकडे परत आली. यात मला तिची हार दिसत नाही. काही वेळा माणसाला पोकळी सोसत नाही. काहीतरी भरीव कवेत धरावे लागते.

त्याच वर्षी मित्रांनी तिला ग्रीसला नेले. ती परतल्यावर नायजेरियातून ग्वारिया नावाच्या कठीण लाकडाचे प्रचंड ओंडके येऊन पडले, एकंदर १७ टन. बार्बराने त्यांत स्वतःला झोकून दिले. 'कोरिंथॉस' हे त्यातले एक. बाहेरून काळपट तांबूस लाकूड, आत वळणे घेत जाणारी पांढरी रंगवलेली पोकळी, एखाद्या गाभाऱ्यासारखी. एक लहानखुरी, पन्नाशी ओलांडलेली बाई हातोडी-छिन्नी घेऊन आतून लाकूड काढते आहे, काढते आहे, आणि जितके काढावे तितका आतला उजेड वाढतो आहे. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१९५६ पासून ती धातूकडेही वळली. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर प्लास्टर चढवायचे, ते कोरायचे, मग ब्राँझमध्ये ओतायचे. त्यामुळे दगडाला न झेपणारे पातळ, पसरलेले, मध्ये मोकळे आकार शक्य झाले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुइस दुकानाच्या भिंतीवर १९६३ पासून तिचे 'विंग्ड फिगर' आहे. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पंख आणि मध्ये ताणलेल्या धातूच्या कांड्या. खाली खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसे जात असतात. वर पाहणारी थोडी.

संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड तिच्या कामाचे चाहते होते. तिचे चंदनाच्या लाकडातले एक 'सिंगल फॉर्म' त्यांच्या संग्रही होते. सप्टेंबर १९६१ मध्ये आफ्रिकेत शांततेच्या कामावर असताना विमान कोसळून ते मरण पावले. पुन्हा विमान, पुन्हा आकाशातून आलेली बातमी. त्यांच्या स्मरणार्थ तिने केलेले २१ फूट उंचीचे ब्राँझचे 'सिंगल फॉर्म' जून १९६४ पासून न्यूयॉर्कला संघाच्या इमारतीपुढे उभे आहे. एवढे मोठे काम करायला स्टुडिओ पुरेना, म्हणून समोरचा जुना नाचाचा हॉलच तिने विकत घेतला होता. ढालीसारखा उभा एकच आकार आणि वरच्या भागात आरपार गोल भोक. स्मारकावर माणसाचा चेहरा कोरतात. इथे आकाशाचा एक तुकडा आहे, दर घटकेला बदलणारा. १९३२ साली आनंदाने पाडलेले भोक बत्तीस वर्षांनी मित्राची आठवण सांगायला कामी आले. दोन्ही वेळा पोकळी तीच, आणि दोन्ही वेळा ती बुजवलेली नाही.

शेवटची वर्षे आजारपणाची होती. कर्करोग झाला, १९६७ मध्ये मांडीचे हाड मोडले. तरी काम चालूच होते. २० मे १९७५ च्या रात्री ट्रेविन स्टुडिओला आग लागून तिचा मृत्यू झाला. वय ७२. पुढच्या वर्षी ते घर आणि बाग संग्रहालय म्हणून खुली झाली. कोरीवकामाच्या शेडमध्ये तिची हत्यारे, अंगरखे आणि अर्धवट राहिलेले दगड अजून आहेत.

डिसेंबर २०११ मध्ये लंडनच्या डलिच पार्कातून तिचे 'टू फॉर्म्स (डिव्हायडेड सर्कल)' हे ब्राँझ रात्रीतून चोरीला गेले. चोरांनी भंगाराच्या भावाने ब्राँझ मोजले असणार. दोन अर्धवर्तुळे, त्यांतली भोके आणि दोन भागांमधली फट, हा सगळा रिता अवकाश त्यांच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा.

सेंट आइव्जच्या बागेत त्याच शिल्पाची दुसरी प्रत आहे. तिथेच 'फोर-स्क्वेअर (वॉक थ्रू)' हे उंच ब्राँझ आहे, चार भिंतींसारखे पट आणि त्यांत मोठाली वर्तुळाकार भोके. मी गेले त्या दिवशी कुठल्याशा कुटुंबातली दोन पोरे तिथे होती. एक आत उभे, एक बाहेर. भोकातून एकमेकांना तोंडे वेंगाडून दाखवणे चालले होते. आई-बाप दटावत होते, पण फारसे मनापासून नव्हे. माझी पाळी आल्यावर मीही आत शिरले. मध्ये उभे राहून बाहेर पाहिले, तर प्रत्येक वर्तुळात बाग वेगळी होती.

दादांच्या खुर्चीचे कापड पुढे विरले. ते काढून टाकायला मी नको म्हणत होते. आईने मला न विचारता नवे पट्ट्यापट्ट्यांचे कापड शिवून घेतले. तेव्हा मी रागावले होते. आता सुटीत भाच्यांचा धुडगूस त्या खुर्चीत चालतो आणि नव्या कापडालाही मध्ये खोलगट आकार येऊ लागला आहे.